टीव्हीवर न दिसणारी कबड्डी

टीव्हीवरचा कॅमेरा चढाईपटूच्या मागे असतो. त्याने मांडी थोपटली, मध्यरेषा ओलांडली, पाय टाकला, हात फिरवला की सगळा पडदा त्याचाच. समोरचे सात जण चौकटीत मावतील तेवढे मावतात. प्रो कबड्डीचा सामना हॉलमध्ये बसून पाहिला की थोड्याच वेळात ध्यानात येतं, आपण आजवर अर्धाच खेळ बघत होतो. उरलेला अर्धा कोपऱ्यात उभा असतो, बाकावर बसलेला असतो आणि घड्याळात चाललेला असतो.

2024 च्या डिसेंबरात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा शेवटचा टप्पा पुण्यात झाला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये. 29 डिसेंबरचा अंतिम सामनाही तिथलाच. इंदापूर-बारामतीकडच्या कबड्डीवेड्यांना ही घरची संधी. घरची म्हणायची एवढंच; पळसदेवहून निघालं तर भिगवण, पाटस, यवत, हडपसर करत आधी पुणं गाठायचं आणि मग अख्खं शहर ओलांडून त्याच्या पश्चिम टोकाला जायचं. तरी माणसं जातात. कारण गावात ज्याने एकदा तरी ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत गुडघे फोडून घेतलेत, त्याला हा खेळ निऑन दिव्यांखाली कसा दिसतो याची उत्सुकता असतेच.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं आश्चर्य मैदानाच्या आकाराचं. टीव्हीवर ते ऐसपैस वाटतं. प्रत्यक्षात पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. त्यातही दोन्ही कडांना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी. ती सोडली तर रुंदी राहते आठ मीटर. एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचं अंगण, त्यात स्वतःचे सात आणि आलेला पाहुणा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. बचाव करणाऱ्यांना मागे सरायला जागा किती कमी आहे, हे आकडे वाचून कळत नाही. वरच्या रांगेतून खाली बघितलं की कळतं.

दुसरा फरक पायाखालचा. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा चौथ्या चढाईपर्यंत पुसल्या जातात आणि पाय आत की बाहेर यावर भांडण जुंपतं. मॅटवर रेषा जागच्या जागी राहतात. मातीत पाय घसरतो, मॅटवर बुटांना पकड मिळते. त्यामुळे धावत येऊन एकदम थांबणं, जागेवर गिरकी घेणं, उडी मारून परत फिरणं या गोष्टींचा वेग वाढला. पण पडलं की अंगाला मातीचा ओलसर मऊपणा मिळत नाही, आणि पडण्याचा आवाज हॉलभर घुमतो. टीव्हीवर संगीत आणि समालोचनाखाली तो आवाज दबून जातो.

आता नजर चढाईपटूवरून काढून समोरच्या सातांकडे न्यायची. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरा, त्यांच्या शेजारी ‘इन’, मग दोन्ही बाजूंचे ‘कव्हर’, आणि मधोमध एक जण. शेजारचे एकमेकांचे हात धरून उभे असतात. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकला की डावी बाजू मागे सरते, आणि त्याच क्षणी उजवी बाजू दबकत पुढे येते. त्याने तोंड फिरवलं की उजवी मागे आणि डावी पुढे. उजनीच्या पाण्यात जाळ्याची दोन्ही टोकं धरून ओढणाऱ्यांची जी चाल असते, तशीच ही. पाठीमागून पुढे आलेल्या बाजूचं काम लगेच पकड करण्याचं नसतं. परतीची वाट अरुंद करणं हे तिचं काम. चढाईपटूला समोरचा कोपरा दिसतो, पण पाठीमागचं कव्हर किती पुढे आलंय याचा त्याला अंदाजच घ्यावा लागतो. टीव्हीच्या चौकटीत ही मागची बाजू बहुतेक वेळा नसते. म्हणून घरी बसून आपल्याला वाटतं की पकड अचानक झाली. हॉलमध्ये बसणाऱ्याला ती आधीपासून शिजताना दिसते.

पकडीचेही प्रकार वाटून दिलेले असतात. कोपऱ्यातला खेळाडू खाली वाकतो, त्याचं लक्ष चढाईपटूच्या घोट्यावर आणि मांडीवर. कव्हरचा खेळाडू छातीने आडवा येऊन वाट अडवतो किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलतो. घोटा एकट्याच्या हाती लागला तरी बहुतेक वेळा पकड पूर्ण होत नाही. अर्ध्या सेकंदात बाकीचे तुटून पडले तरच गुण. एखादा कोपरा घाईने झेपावला आणि शेजारी तयार नसला, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि गुण समोरच्याला. असं झालं की प्रेक्षक ‘अरेरे’ करतात आणि झेपावणाऱ्याला बोल लावतात. नीट पाहिलं तर चूक बऱ्याचदा त्याची एकट्याची नसते. साखळीतला दुसरा दुवा उशिरा हललेला असतो.

या साखळीची कसोटी लागते ती घड्याळामुळे. चढाईला 30 सेकंद. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. याशिवाय या लीगमध्ये तिसऱ्या चढाईचा नियम आहे: एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. इंग्रजी समालोचनात ती ‘डू ऑर डाय’. पूर्वी आघाडीवर असलेला संघ आरामात निदान रेषेजवळ घुटमळत रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा, आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. त्यावरचा हा उपाय. गंमत अशी की या नियमाने बचाव करणाऱ्यांच्याही हाती एक हत्यार दिलं. पहिल्या दोन चढायांत ते अंग राखून मागेच राहतात, कोणालाही झेपावू देत नाहीत. तिसऱ्या वेळी चढाईपटूला आत यावंच लागणार हे त्यांना ठाऊक असतं. सापळा त्या वेळेसाठी जपून ठेवलेला असतो. दोन शांत चढायांना कंटाळून जो प्रेक्षक मोबाइल काढतो, तो नेमकी ही तयारी बघायला मुकतो.

प्रेक्षकांसाठी खेळाला घड्याळ बांधण्याची गरज एकट्या कबड्डीलाच पडलेली नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलला शंभर वर्षांहून जास्त काळ घड्याळ माहीतच नव्हतं. सामने लांबत गेले, तेव्हा तिथल्या मेजर लीगने 2023 पासून चेंडू टाकणाऱ्याला वेळ बांधून दिला: तळ रिकामे असतील तर 15 सेकंद, तळावर खेळाडू असेल तर त्या वर्षी 20. नऊ डावांचा सामना आदल्या वर्षी सरासरी तीन तास चार मिनिटं चालत होता, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. तिथल्या जुन्या रसिकांची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. गुणपत्रिका मांडीवर घेऊन ते पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत सामना बघतात. कबड्डीला ही सवय फार शोभेल, कारण कबड्डी हा हिशेबाचा खेळ आहे.

तो हिशेब असा. मैदानात समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस रेषा ओलांडण्याचा गुण मिळतो. पाच झाले की बोनस बंद. म्हणजे बलदंड संघाविरुद्ध चढाईपटूला हाताला न लागताही गुण चोरता येतो, पण तो संघ दुबळा झाला की त्याला स्पर्श करायलाच आत यावं लागतं. उलट बाजूने, तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. सगळे बाद झाले तर लोण, आणि लोणाचे दोन गुण वेगळे. त्यामुळे तीन खेळाडू उरलेला संघ दिसतो तितका केविलवाणा नसतो. एका पकडीत दोन गुण आणि बाहेर बसलेला एक साथीदार आत, एवढं त्याच्या पदरात पडू शकतं. अशा वेळी अनुभवी चढाईपटू आत घुसत नाही. निदान रेषा जेमतेम ओलांडून परततो. टीव्हीवर ते भित्रेपणाचं वाटतं. आकडा ज्याच्या डोक्यात आहे त्याला ते शहाणपणाचं वाटतं.

आणि म्हणूनच बाहेरचा बाक बघायचा. बाद झालेले खेळाडू तिथे ओळीने बसलेले असतात आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. संघाचा हुकमी चढाईपटू बाद होऊन तिसऱ्या जागी बसलेला असेल, तर तो आत येण्यासाठी त्याच्या साथीदारांना समोरचे तीन जण बाद करावे लागतील. समोरचा संघ तेवढा वेळ गुण देणं टाळतो, स्वतःच्या चढाया लांबवतो. तारांकित खेळाडू खुर्चीवर हात चोळत बसलाय आणि मॅटवर दोन्ही संघ त्याच्याचभोवती डाव रचताहेत, हे दृश्य हॉलमध्येच बघायला मिळतं. प्रशिक्षकाचं अर्धं ओरडणं याच हिशेबाचं असतं.

बाद झालेल्याने परत यायचं, हा नियम मुळात सर्वमान्य नव्हता. महाराष्ट्रात हुतुतू या नावाने खेळल्या जाणाऱ्या खेळाचे आणि देशातल्या त्याच्या भावंडांचे तीन मुख्य प्रकार होते. गामिनीत बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. अमर प्रकारात बाद झालेलाही मैदानातच खेळत राहायचा, फक्त गुण मोजला जायचा. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी ही संजीवनीची लेक. गामिनी राहिली असती तर चांगला चढाईपटू सुरुवातीलाच बाद होऊन प्रेक्षकांचा विरस झाला असता. अमर राहिली असती तर बाकावरचं हे नाट्यच उरलं नसतं.

हे नियम ठरवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांनी खेळाची संघटना बांधण्यात हयात घालवली. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली आणि तिथपासून 2014 पर्यंत भारतीय पुरुष संघाने लागोपाठ सात सुवर्णपदकं जिंकली. ती मालिका 2018 मध्ये जकार्तात तोडली इराणने, आणि तोडली ती मुख्यतः बचावाच्या जोरावर.

पुढच्या आशियाई स्पर्धेत इराणशी झालेल्या अंतिम सामन्याने राखीव क्षेत्राचं महत्त्व साऱ्या जगाला दाखवलं. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ. गुण 28-28, शेवटचं मिनिट जवळ आलेलं, आणि भारताचा पवन सेहरावत चढाईला. त्याचा कुणाला स्पर्श होण्याआधीच तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही. स्पर्श झाल्यानंतरच राखीव क्षेत्र खुलं होतं. त्याआधी तिथे पाय टाकणं म्हणजे बाहेर जाणं. आता बाद कोण? जुन्या नियमाने तिथे गेलेले सगळेच बाद, नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. पंचांचा निर्णय फिरत राहिला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, खेळ बराच वेळ खोळंबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. त्या संघात नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे प्रो कबड्डीतल्या पुण्याच्या संघाचे, म्हणजे पुणेरी पलटणचे, दोन चढाईपटू होते.

बालेवाडीच्या हॉलमध्ये राखीव क्षेत्राजवळ झटापट झाली की अजूनही आसपासच्या खुर्च्यांतून हांगझोऊचा दाखला दिला जातो. स्पर्श आधी झाला की पाय आधी गेला, हा वाद शाळेच्या मैदानावर ज्या तारस्वरात चालतो त्याच स्वरात इथेही. फरक एवढाच की इथे सरपंच हाताने चौकोन काढून टीव्ही पंचांकडे जातात, मोठ्या पडद्यावर तोच क्षण चार कोनांतून दिसतो, आणि हजारो लोक एकदम पंच होतात.

लीग 2014 मध्ये आठ संघांनी सुरू झाली, 2017 पासून संघ बारा झाले. त्याआधी कबड्डीपटूचं भवितव्य म्हणजे रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीच्या संघातून मिळणारी नोकरी. आता लिलाव आला आणि त्याबरोबर प्रेक्षकाच्या निष्ठेचा जुना हिशेबही बदलला. गावच्या स्पर्धेत आपला संघ म्हणजे आपल्या आळीची पोरं. इथे पुण्याच्या संघात हरियाणाची, इराणची मुलं, आणि महाराष्ट्राची मुलं भलत्याच शहरांच्या जर्सीत. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2019 मध्ये 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. त्यामुळे हॉलमध्ये एक मजेशीर गोष्ट घडते: पुणेरी पलटणसाठी घसा कोरडा करणारेच समोरच्या संघातल्या मराठी पोराच्या चढाईलाही हळूच टाळी देतात.

पुणेरी पलटणचा स्वतःचा प्रवास बचावाची किंमत सांगणारा आहे. 2022 मध्ये इराणचा फझल अत्राचली कर्णधार असताना संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 असा हरला. पुढच्या हंगामासाठी पलटणने आणखी एका इराणी खेळाडूवर, महंमदरझा शाद्लुईवर, 2 कोटी 35 लाखांची बोली लावली. त्याने त्या हंगामात पकडींचे 99 गुण मिळवले, अस्लम इनामदार हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या सामन्यात चढाईतली मोठी कामगिरी पंकज मोहितेची होती. पण 25 या आकड्याकडेही बघायला हवं: चाळीस मिनिटांत समोरच्याला इतकेच गुण दिले, म्हणून 28 पुरले.

त्यानंतर शाद्लुई हरियाणाकडे गेला आणि बालेवाडीतल्या त्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटणा पायरेट्सला 32-23 असं नमवलं. पाटण्याच्या देवांक दलालने त्या हंगामात चढाईचे तीनशेहून जास्त गुण मिळवले होते. अंतिम सामन्यात हरियाणाच्या बचावाने त्याला डोकं वर काढू दिलं नाही. हरियाणाकडून सर्वाधिक गुण मिळवणारा चढाईपटू शिवम पटारे हा आपल्याच राज्याचा. घरचा संघ अंतिम फेरीत नसला तरी पुणेकरांना टाळ्या वाजवायला कारण होतं ते असं.

हॉलमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने खुर्ची निवडताना अगदी पुढची रांग टाळावी. खेळाडूंचे चेहरे जवळून दिसतात, पण साखळीचा आकार दिसत नाही. थोडं वर, आणि जमलं तर अंतिम रेषेच्या बाजूला बसावं. तिथून दोन्ही कोपरे एका नजरेत येतात. चढाईपटूचा दम वरच्या रांगेत ऐकू येत नाही, संगीत आणि निवेदकाचा आवाज त्याला गिळून टाकतात, पण पंच कान देऊन त्याच्या आगेमागे फिरताना दिसतात. दम तुटला तर तो बाद, हा जुना नियम 30 सेकंदांच्या घड्याळानंतरही कायम आहे. मनात तीन आकडे धरायचे: समोर किती जण उभे आहेत, ही कितवी रिकामी चढाई, आणि बाकावर पहिला कोण बसलाय. एवढं सांभाळलं तर पुढची चढाई कशी होणार याचा अंदाज दहापैकी निम्म्या वेळा तरी बरोबर येऊ लागतो, आणि मग खेळाची गोडी दुप्पट होते.

याचा उपयोग बालेवाडीपुरता नाही. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर संघ निवडताना विचारा, चढाईला कोण जाणार? पंधरा हात वर होतात. कोपऱ्यात कोण उभं राहणार, असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात. कारण त्यांनी आयुष्यभर टीव्हीवर चढाईलाच शिट्ट्या ऐकल्यात. बाजार मात्र वेगळं सांगतो. या लीगमध्ये कोटीची बोली लागलेला पहिला खेळाडू 2018 मधला फझल अत्राचली, आणि तो कोपऱ्यातला. इराणने जकार्तात सोनं नेलं तेही पकडीच्या बळावर. गावच्या सामन्यात रिंगण करून उभे राहणारे आपण प्रेक्षकच पोरांचे पहिले परीक्षक असतो. घोटा धरून ठेवणाऱ्या पोराला आणि त्याच्या मदतीला वेळेवर धावलेल्या शेजाऱ्याला चढाईइतकीच टाळी पडू लागली, तर पुढच्या वर्षी कोपऱ्यासाठीही हात वर होतील.